पिकअपचा सेल्फ आणि पाच वेळा ‘का?’



आजचा विषय ऐकून काही जण आवाज कमी करतील, म्हणून आधीच सांगतो, जरा थांबा. विषय गाडीच्या सेल्फचा आहे, पण ज्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही त्यांच्याच तो जास्त कामाचा आहे. मीही त्यातलाच. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं. गाडी म्हणजे चावी फिरवायची, एसी लावायचा आणि निघायचं, एवढंच माझं ज्ञान. गेल्या जूनमध्ये त्या ज्ञानाची परीक्षा झाली आणि मी सपशेल नापास झालो.

आमच्याकडे टोयोटाची जुनी हायलक्स आहे, डबल कॅबिनची. साताऱ्याहून आई आली होती. सुट्टीच्या दिवशी भाजी-मासळी घेऊन दुपारी परत निघालो, वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो. इंजिन बंद केलं, पेट्रोल भरलं, पुन्हा चावी फिरवली. ‘टक्.’ बस्स, एवढाच आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण इंजिन काही हलेना.

इथं आखातात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. इंजिन बंद म्हणजे एसी बंद, आणि बाहेर पारा ४५ अंशांवर. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी वाढतं. मागच्या सीटवर सत्तरीची आई आणि दोन मुलं. मी मात्र ‘होईल आत्ता, होईल आत्ता’ म्हणत पाच-सहा वेळा चावी फिरवत बसलो. शेवटी आईच म्हणाली, “अरे, आम्हाला आधी सावलीत तरी बसव, मग कर काय करायचं ते.”

म्हणून आजच्या भागातली पहिली सूचना आईची: गाडी बंद पडली की आधी माणसं बाहेर काढा, सावलीत किंवा एसीत बसवा, पाणी द्या. सेल्फचं नंतर बघता येतं. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर कष्टाचं काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. जिथं धट्टीकट्टी कामगार माणसंसुद्धा त्या वेळेत उन्हात उभी राहायची नाहीत, तिथं मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून आपण प्रयोग करायचे नसतात.

आम्ही गाडी ढकलून कडेला लावली, सगळे पंपाच्या दुकानात जाऊन बसलो. दीड तासानं मी सहज म्हणून चावी फिरवली, तर गाडी एका दमात सुरू! मला हायसं वाटलं. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती.

आता हा सेल्फ म्हणजे काय ते बघू. आपण ‘सेल्फ मारला’, ‘सेल्फ घेत नाही’ म्हणतो तो सेल्फ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. गंमत म्हणजे आखातातल्या अरबी बोलीतही त्याला ‘सिल्फ’च म्हणतात. त्यामुळे गॅरेजात मेकॅनिक मल्याळी असो, पाकिस्तानी असो की अरब, ‘सेल्फ’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. सेल्फ येण्याआधी इंजिनाच्या पुढच्या बाजूला लोखंडी हँडल घालून हातानं इंजिन फिरवावं लागायचं. इंजिन उलटा झटका द्यायचं आणि माणसाचं मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं विजेचा सेल्फ तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. तरी आपल्याकडे जुन्या ट्रकांना हँडल मारताना पाहिलेली मंडळी अजून आहेत. तुमच्या वडिलांना विचारा, हात करून दाखवतील.

इंजिन फिरवायला ताकद लागते, म्हणून सेल्फची मोटर बॅटरीतून एका दमात शंभर-दोनशे अँपिअर, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त वीज ओढते. एवढी वीज चावीच्या स्विचमधून नेली तर स्विच वितळेल. त्यासाठी मध्ये एक मुकादम ठेवलेला असतो, तोच सोलेनॉइड. चावी त्याला थोडीशी वीज देऊन हुकूम सोडते, आणि मोठी वीज सोडायचं काम तो करतो.

सोलेनॉइड हा शब्द ग्रीकमधल्या ‘नळी’ या शब्दावरून आला. खरोखरच ती तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली नळी आहे. आत लोखंडाचा एक दांडा असतो, त्याला प्लंजर म्हणतात. चावी फिरली की गुंडाळीचं चुंबक होतं आणि प्लंजर खेचला जातो. या एका हालचालीत दोन कामं होतात. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढं सरकून इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकतं. आणि प्लंजर टोकाला पोचला की त्याच्यावरची तांब्याची चकती दोन जाड तांब्याच्या तुकड्यांवर आपटते. एका तुकड्याला बॅटरीची वायर, दुसऱ्याला मोटरची. मध्ये चकती आली की पूल जोडला, वीज धावली, मोटर फिरली. चावी सोडली की स्प्रिंग सगळं मागे ओढते. आपल्याला ऐकू येणारं ‘टक्’ हा या प्लंजरचा आवाज.

म्हणूनच गाडी सुरू होत नसेल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी कान उघडा. आवाजावरून अर्धं निदान होतं.

काहीच आवाज आला नाही, पूर्ण शांतता, तर हुकूमच पोचला नाही. फ्यूज, रिले, चावीचा स्विच, किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच. गिअर पार्कमधून न्यूट्रलमध्ये टाकून एकदा चावी फिरवून बघा, कधी कधी तेवढ्यानं काम होतं. मात्र ब्रेक दाबून ठेवा.

‘कट्-कट्-कट्-कट्’ असा भरभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. प्लंजर खेचला जातो, मोटर वीज ओढते, व्होल्टेज कोसळतं, प्लंजर सुटतो, पुन्हा खेचला जातो. त्याचा हा आवाज. दुसऱ्या गाडीला केबल लावून बघा.

एकच ठसठशीत ‘टक्’ आणि दिवे तसेच लख्ख राहिले, तर संशय सोलेनॉइडच्या आतल्या तांब्यावर जातो. प्लंजर धावला, पण पूल जोडला गेला नाही. आमची केस हीच.

मोटर ‘घूंऽऽ’ करून फिरते पण इंजिन फिरत नाही, तर दातेरी चाक अडकत नाही किंवा त्याच्या आतला क्लच गेला आहे. आणि चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर तांब्याचे तुकडे वितळून चकतीला चिकटले आहेत. हे धोक्याचं. ताबडतोब बॅटरीचं टर्मिनल काढायचं.

आता पाच वेळा ‘का?’ची गोष्ट. एमबीएला असताना आम्हाला टोयोटाची ही पद्धत शिकवली होती. कंपनीच्या मुळाशी असलेले साकिची टोयोडा यांच्यापासून ती आली, आणि कारखान्यात ती रुजवली ताइइची ओनो यांनी. ओनोंनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद पडलं. का? फ्यूज उडाला. फ्यूज का उडाला? बेअरिंगला तेल कमी पडलं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्याच ‘का’ला थांबून फ्यूज बदलला असता, तर काही महिन्यांत मशीन पुन्हा बंद पडलं असतं. परीक्षेत हे उत्तर लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. घरच्या टोयोटाला मात्र हे प्रश्न कधी विचारले नव्हते.

कारण पंपावरच्या प्रसंगाच्या अकरा महिने आधी हीच गाडी अशीच अडली होती. तेव्हा एका गॅरेजानं पूर्ण सेल्फ काढून रीकंडिशन केलेला दुसरा बसवला, मी पैसे दिले, विषय संपला. आता पुन्हा तेच. या वेळी मी सनैयातल्या, म्हणजे इथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या, दुसऱ्या एका मल्याळी मेकॅनिककडे गेलो आणि म्हटलं, मला बघू द्या. त्यानं स्टूल दिलं, चहा दिला, आणि मी प्रश्न विचारत बसलो.

पहिला का: गाडी का सुरू झाली नाही? सेल्फ फिरला नाही.

दुसरा का: सेल्फ का फिरला नाही? त्यानं मल्टिमीटर काढला. सोलेनॉइडवर दोन मोठे नट असतात. एकावर बॅटरीची जाड वायर येते, त्याला टर्मिनल ३० म्हणतात. दुसरा नट मोटरकडे जातो. चावीकडून येणारी बारीक वायर टर्मिनल ५० वर. मीटरच्या दोन टोकांनी दोन मोठ्या नटांना स्पर्श करून त्यानं मला चावी फिरवायला सांगितलं. पूल नीट जोडला गेला तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. ‘टक्’ झालं आणि मीटर बाराच्या आसपासच राहिला. म्हणजे बॅटरीची वीज दारापर्यंत येते, आत जात नाही. मोटर बिचारी निर्दोष.

तिसरा का: वीज आत का गेली नाही? त्यासाठी सेल्फ उतरवावा लागला. हे काम तुम्ही करा असं मी म्हणत नाही, पण कसं होतं ते कळलं की गॅरेजात आपण डोळे मिटून मान डोलावत नाही. इंजिन गार होऊ द्यायचं. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सगळ्यात आधी काढायचं. हे चुकलं आणि पाना टर्मिनल ३० वरून बॉडीला लागला तर पानाच वितळतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जायचं नाही, खाली स्टँड हवेतच. मग सेल्फच्या वायरी सोडवायच्या. कुठली कुठं होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. सेल्फ गिअरबॉक्सजवळ दोन बोल्टांवर बसलेला असतो. तो जड असतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून हात द्यायचा.

टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत डेन्सो कंपनीचा सेल्फ असतो. त्याच्या सोलेनॉइडचं मागचं झाकण तीन स्क्रूंवर उघडतं. आत ते तांब्याचे दोन तुकडे आणि चकतीवाला प्लंजर. आमच्या सेल्फमधला बॅटरीकडचा तुकडा काळा पडून एका बाजूनं खाल्लेला, दुसरा त्यामानानं बरा. चकती एका कडेला टेकत होती, दुसरीकडे टेकतच नव्हती.

या सेल्फमध्ये फक्त हे तांब्याचे तुकडे आणि गरज असेल तर प्लंजर बदलता येतो, आणि त्याचा खर्च नव्या सेल्फच्या खर्चाचा लहानसा हिस्सा असतो. इतर काही गाड्यांत सोलेनॉइड सेल्फच्या पाठीवर वेगळा बसवलेला असतो. तिथं दोन-तीन स्क्रू काढून सोलेनॉइडच बदलतात, फक्त प्लंजरचं टोक आतल्या चिमट्यातून अलगद सोडवावं लागतं. म्हणून गॅरेजात विचारायचा प्रश्न असा: “पूर्ण सेल्फ का? मोटर खराब आहे, की फक्त सोलेनॉइड?” मोटरचे कार्बन ब्रश झिजले असतील, क्लच गेला असेल तर पूर्ण सेल्फ बदलणं रास्तच आहे. पण आधी दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

तुकडे बसवताना दोन गोष्टी त्यानं मला दाखवल्या. दोन्ही तुकडे एकाच पातळीत हवेत, नाहीतर चकती पुन्हा एकाच कडेला टेकणार आणि तीच कड जळणार. आणि नट अति आवळायचे नाहीत, तांब्याचा बोल्ट पटकन पिळवटतो. प्लंजरला तेल-ग्रीस लावायचं नाही, धूळ चिकटून तो अडकतो. नुसता कोरड्या फडक्यानं पुसायचा.

चौथा का: तांबं का जळलं? इथं बहुतेक जण थांबतात, आणि मीही थांबणार होतो. मेकॅनिकनं बॅटरीकडे बोट दाखवलं. चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते. आमची १२.२. सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको, ती त्याच्या खाली जात होती. बॅटरी कमजोर असली की चुंबकाची पकड कमी होते, चकती घट्ट बसण्याऐवजी थरथरते, आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी थोडं तांबं खाते. आधीच्या सेल्फचे तुकडे असेच गेले असणार आणि या सेल्फचेही तसेच गेले.

इथं पंपावरचं कोडंही सुटलं. तांबं तापलं की विजेला जास्त अडवतं, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता सेल्फमध्ये मुरते. सोलेनॉइडची गुंडाळी २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली की तिचा अडथळा पावपट वाढतो, तेवढी वीज कमी जाते, चुंबक ढिलं पडतं. झिजलेल्या तांब्यापर्यंत चकती दाबून नेण्याचा जोर त्यात उरत नाही. गार झालं की पुन्हा जोर येतो. म्हणून सकाळी एका सेल्फला सुरू होणारी गाडी दुपारी पंपावर, दुकानासमोर, शाळेच्या फाटकाशी अडते. ‘आपोआप बरी झाली’ असं वाटतं तेव्हा ती बरी झालेली नसते, फक्त गार झालेली असते.

पाचवा का: बॅटरी कमजोर आहे हे आधी का कळलं नाही? बॅटरीचा तिसरा उन्हाळा होता. इथल्या उष्णतेत बॅटरी दोन-एक वर्षंच नीट साथ देते. अर्थिंगच्या टर्मिनलवर पांढरट थर साचला होता. आणि मी वर्षभरात एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं, कारण गाडी सुरू होत होती. पाचव्या उत्तराचं बोट सरळ माझ्याकडेच होतं. नवी बॅटरी बसवली, टर्मिनल घासून घट्ट केलं, तेव्हा कुठं काम पूर्ण झालं. नुसते तांब्याचे तुकडे बदलून निघालो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा त्याच पंपावर बसली असती.

कॅनडा, अमेरिका, युरोपातल्या श्रोत्यांना वाटेल, आमच्याकडे कुठे ४५ अंश? तुमच्याकडे हेच उलट्या टोकानं होतं. थंडीत इंजिनाचं तेल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लावावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद आटते. बॅटरीवर छापलेला ‘सीसीए’चा आकडा उणे १८ अंशांला मोजतात तो याचसाठी. उन्हाळा बॅटरीला आतून पोखरतो, हिवाळा ते उघडं पाडतो. बर्फ पडायच्या आधी व्होल्टेज बघून घ्या.

अडकलात तर घरी पोचण्यापुरते दोन उपाय सांगतो. एक, ‘टक्’वाल्या बिघाडात कुणीतरी चावी फिरवत असताना सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्यानं हलकेच दोन-तीन ठोके दिले, तर कधी कधी तो उचलतो. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात पंख्या-पट्ट्यांपासून लांब. सुरू झाली तर वाटेत कुठेही बंद न करता थेट गॅरेज गाठा. दोन, धक्का. २००८ सालच्या ‘दे धक्का’ सिनेमातलं जाधव कुटुंब आठवतं ना, गाडी ढकलून धावत धावत आत चढणारं? ती युक्ती खरी आहे, पण फक्त हाताच्या गिअरच्या गाडीला. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, वेग आला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडी कितीही ढकलली तरी धक्क्यानं सुरू होत नाही, उगाच घाम गाळू नका. आणि स्क्रूड्रायव्हरनं सेल्फची टर्मिनलं जोडायचा व्हिडिओ कुणी दाखवला तर नको म्हणा. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तुमच्या अंगावर येते.

हिवाळ्यात सीलाइनच्या पुढं, खोर अल उदैदच्या वाळूत सहकुटुंब जाणाऱ्यांना हात जोडून विनंती: तिथं पंप नाही, दुकान नाही, सावली नाही. निघायच्या आदल्या दिवशी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग चावी फिरवा. सकाळी गार इंजिनावर घेतलेली परीक्षा खरी नव्हे. गरम इंजिनावर पास झाली तरच वाळूत न्या. तरीही एकट्या गाडीनं जाऊ नका. सोबत दुसरी गाडी आणि भरपूर पाणी असू द्या.

आई दिवाळीनंतर पुन्हा यायची आहे. फोनवर तिनं भाडं विचारलं नाही, तारीख विचारली नाही. म्हणाली, “तुझी ती गाडी बघितलीस का?” बघितली म्हटलं. आज सकाळीच मीटर लावला, १२.६.

तुम्हीही या आठवड्यात एकदा बॉनेट उघडा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, नमस्कार!